एका प्लायमध्ये पुस्तकांचं कपाट : टेप धरण्यापासून भिंतीला आवळेपर्यंत

माझ्या पहिल्या रॅकच्या फळीवर मुलीने गोटी ठेवली की ती आपोआप मधोमध येऊन थांबायची. चार फुटांची फळी, खाली आधार नाही, वर बारावीची गाईडं आणि वीस-बावीस वर्षांचे दिवाळी अंक. लातूरसारख्या गावात घरात पोरगं बारावीला असलं की पुस्तकं भिंतीला टेकून वाढतच जातात. तशात ती रॅक मीच हौसेनं केलेली, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार? शेजारच्या मिस्त्रींनी एकदा येऊन बघितलं आणि म्हणाले, "सर, कपड्याचं कपाट करतेत तसं केलंत तुम्ही. पुस्तकाला तसं नसतंय."

तेव्हापासून दोन कपाटं केली. पहिल्याच्या चुका दुसऱ्यात टाळल्या, दुसऱ्याच्या या लेखात टाळतो. इथं सांगतोय ते कपाट १८ मिमीच्या एका ८ बाय ४ च्या प्लायमधून पूर्ण निघतं. पाठीला तेवढा ६ मिमीचा वेगळा तुकडा लागतो. उंची १८०० मिमी (सहा फुटांना जरा कमी), बाहेरून रुंदी ६६६ मिमी, खोली एक फूट. घरी ड्रिल मशीन, गुण्या (काटकोन बघायची पट्टी), टेप, लेव्हलपट्टी, दोन-तीन शिकंजे (क्लॅम्प) आणि एक मदतनीस असला की झालं.

आधी वजन

वजन काट्यावर बघूनच पटतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मी फूटभर रांगेतली गाईडं टप्प्याटप्प्याने तोलली, तर नऊ किलोच्या वर गेली. कथा-कादंबऱ्यांची रांग सात किलोच्या आसपास. म्हणजे दोन फुटांच्या एका खणात पंधरा ते वीस किलो, आणि सहा खण भरले की शंभर किलोच्या वर. रिकामं कपाट पस्तीस-चाळीस किलो, ते वेगळंच.

फळी वाकण्याचा हिशोब मात्र सरळ चालत नाही. दर फुटाला तेवढंच वजन ठेवून फळीची लांबी दुप्पट केली, तर मधला झोल दुप्पट होत नाही, सोळापट होतो. उलट जाडी दुप्पट केली तर झोल आठव्या हिश्श्यावर येतो. माझी चार फुटी फळी का वाकली, ते यावरून कळेल. म्हणून १८ मिमीच्या प्लायला अडीच फुटांपुढे आधाराशिवाय सोडूच नका. आपण इथं आतली रुंदी ६३० मिमी धरली आहे, म्हणजे जेमतेम दोन फूट एक इंच. रुंद भिंत भरायची असेल तर अशी दोन कपाटं शेजारी शेजारी उभी करा, एक लांबलचक करू नका. दोन असली की घर बदलताना जिन्याच्या वळणावर मजुरांच्या शिव्याही खाव्या लागत नाहीत.

लाकूड कोणतं

पार्टिकल बोर्ड पुस्तकांसाठी नको. त्यात स्क्रू एकदा निघाला की परत धरत नाही, आणि कड ओली झाली की पोह्यासारखी फुगते. एमडीएफवर रंग सुरेख बसतो हे खरं, पण ते जड असतं, वजनाखाली हळूहळू वाकतं आणि ओलीला भितं. माझं मत प्लायकडे. घरात ठेवायचं कपाट आहे, मरीन प्लायची गरज नाही. शीटवर आयएस ३०३ चा शिक्का आणि त्याखाली बीडब्ल्यूआर असं लिहिलेलं बघा, म्हणजे उकळत्या पाण्याला तोंड देणारा डिंक वापरलेला असतो. एमआर नुसता दमटपणा सोसतो. आपल्याकडे उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी की दाराच्या चौकटी उघड्या पडतात, आणि श्रावणात त्याच चौकटी दार अडवतात. ही ओढाताण दरवर्षी सोसायची, तर बीडब्ल्यूआरचे थोडे जास्तीचे पैसे वाया जात नाहीत. ब्लॉकबोर्डही चालेल, फक्त आतल्या पट्ट्या फळीच्या लांबीच्या दिशेने आल्या पाहिजेत.

दुकानात शीट आडवं टाकून कडेकडून बघा. कडेला थरांमध्ये काळी भोकं दिसली तर आत पोकळ आहे. बोटाच्या पेराने ठोकत जा. पोकळ जागी आवाज बदलतो, कलिंगड वाजवून बघावं तसा.

गावाकडे माळवदाचं घर पाडलेलं असेल तर सागाच्या जुन्या फळ्या मिळतात, आणि किनवटकडचा साग आजही लोक शोधत येतात. असं लाकूड मिळालं तर सोडू नका, पण रंधा मारण्याआधी लोहचुंबक फिरवून आत मोडलेले खिळे आहेत का ते पाहा. एका खिळ्यानं रंध्याचं पातं आणि दिवस दोन्ही जातात. शिवाय सागावर ऑइलपेंट मारायला माझा हात उठत नाही. सागाला पॉलिश करा, रंग प्लायला ठेवा.

भिंत आणि फरशी

कपाट भिंतीजवळ ठेवायचं म्हणून आपण भिंत मोजतो, पण एकाच उंचीवर. खाली, कमरेला आणि डोक्याच्या वर, तिन्ही ठिकाणी मोजा. माझ्या खोलीत दोन भिंतींमधलं अंतर वर आणि खाली दोन सुतांनी वेगळं निघालं. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतारांच्या तोंडी अजून मिलिमीटर बसलेला नाही, दुकानात दोन्ही भाषा बोलता आल्या की बरं.) दोन भिंतींच्या मध्ये बसवायचं असेल तर सगळ्यात कमी मापातून आणखी चार सूत वजा करा.

मग ओळंबा सोडा. नसेल तर दोऱ्याला एखादा जड नट बांधला तरी काम भागतं. भिंत पुढे झुकलेली आहे की मागे, ते कळतं. फरशीवर लेव्हलपट्टी ठेवा. आपल्याकडच्या शहाबादी फरश्यांना पाणी दाराकडे जावं म्हणून मुद्दाम उतार दिलेला असतो आणि सांध्यांना उंचवटे असतात. हे सगळं कागदावर लिहून ठेवा, बसवताना लागणार आहे.

भिंतीवरचा स्विचबोर्ड कुठे आहे तेही त्याच कागदावर मांडा. बोर्डाच्या वर आणि खाली सरळ रेषेत वायरीचे पाइप गेलेले असतात. त्या पट्ट्यात ड्रिल चालवायचं नाही. पलीकडे न्हाणीघर असेल तर नळाच्या रेषेचंही तेच. आणि भिंतीला ओल दिसत असेल, रंगाला फुगे आले असतील, तर ती भिंतच सोडा.

कापणी

घरी हाताच्या करवतीने आठ फूट सरळ कापणं मला जमत नाही, कुणाला जमत असेल तर त्याला नमस्कार. प्लायच्या दुकानात किंवा त्याच्या शेजारच्या वखारीत मोठ्या मशीनवर कापून घ्या. कागदावर नकाशा काढून न्या आणि एक गोष्ट ठासून सांगा, की पात्याची जाडी धरायची. पातं प्रत्येक कापाला साधारण ३ मिमी खातं. ते धरलं नाही की शेवटचा तुकडा तोकडा पडतो.

शीट २४४० बाय १२२० मिमीचं असतं. आधी लांबीत तीन काप मारून ३०२ मिमी रुंदीच्या चार पट्ट्या काढायच्या. पहिल्या दोन पट्ट्यांतून प्रत्येकी १८०० मिमीची एक बाजू आणि ६३० मिमीची एक फळी. उरलेल्या दोन पट्ट्यांतून प्रत्येकी ६३० च्या तीन फळ्या, आणि मागे साधारण ५४० मिमीचा तुकडा उरतो. म्हणजे बाजू दोन आणि फळ्या आठ. सात फळ्या कपाटात जातात, तळ आणि माथा धरून. आठवीच्या ७५ मिमी रुंदीच्या तीन पट्ट्या चिरून घ्या, एक पुढच्या पायपट्टीला आणि दोन मागे आडव्या. या मागच्या पट्ट्याच नंतर भिंतीला आवळायच्या आहेत, त्यांना टाकाऊ समजू नका.

असं कापलं की प्लायच्या वरच्या थराचे रेषे फळीच्या लांबीतून जातात. रेषे आडवे आले तर तीच फळी लवकर वाकते. दुकानदार कधीकधी तुकडा वाचवायला फिरवून कापतो, तिथं उभं राहून लक्ष ठेवा.

५४० च्या तुकड्यांतून १८ मिमी रुंदीच्या सहा पट्ट्या काढून त्यांचे २६५ मिमीचे बारा तुकडे करायचे. या आधारपट्ट्या. प्रत्येक फळीच्या दोन्ही टोकांखाली एक, फक्त माथ्याला नको. पाठीसाठी ६ मिमी प्लाय १८०० बाय ६६६. दुकानात ६ बाय ३ चं शीट मिळालं तर कमी वाया जातं.

खुणा, आणि दोन डाव्या बाजू

दोन्ही बाजू उघडलेल्या पुस्तकासारख्या शेजारी शेजारी टाका, पुढच्या कडा एकमेकींना लावून. खालून मापं घेत गुण्याने दोन्हींवर एकदमच आडव्या रेषा ओढा. प्रत्येक फळीची खालची कड या उंचीवर येते : ७५, ४३३, ७५१, १०२९, १२८७, १५३५ आणि माथा १७८२ मिमी. यातून तळाचा खण ३४० मिमी उंच मिळतो, त्यात फायली आणि ए-४ आकाराची गाईडं उभी राहतात. ए-४ कागद २९७ मिमी उंच असतो. त्यावरचा खण ३००, मग २६०, २४०, २३० आणि सर्वात वर २२९. नेहमीचं डेमी आकाराचं पुस्तक साडेआठ इंच म्हणजे २१६ मिमी असतं. ते वरच्या खणात बसतं, फक्त बोट घालून ओढायला जागा थोडी कमी वाटते. तुमच्याकडे मोठी पुस्तकं जास्त असतील तर एक फळी काढून टाका आणि मापं नव्याने वाटून घ्या.

रेषेच्या खाली आधारपट्टी येते. पट्टी मागच्या कडेला लावून बसवा, म्हणजे पुढे दीड इंच मोकळी जागा राहते आणि समोरून ती नजरेत भरत नाही. फेविकॉल आणि सव्वा इंची तीन स्क्रू. ड्रिलने आधी बारीक भोक पाडल्याशिवाय स्क्रू मारला तर एवढी अरुंद पट्टी उभी चिरते.

मी पहिल्यांदा दोन्ही बाजू आरशासारख्या न धरता एकसारख्याच धरल्या. पट्ट्या लावून, फेविकॉल वाळवून दुसऱ्या दिवशी उभ्या केल्या तर दोन्ही डाव्याच. बारा पट्ट्या पटाशीने उचकटताना प्लायचे पापुद्रे निघाले ते अजून त्या कपाटाच्या आत दिसतात. खुणा झाल्या की प्रत्येक बाजूवर खडूने 'डावी', 'उजवी', 'वर', 'पुढे' असं लिहा. लाज वाटून घेऊ नका.

कड झाकणं

प्लायची उघडी कड रंग पितेच पितेच. तीन हात मारले तरी थरांच्या रेषा दिसतात. पुढच्या कडांना ८ मिमी जाडीची सागवानी किंवा पाइनची लिपिंग पट्टी डिंकाने आणि बिनडोक्याच्या बारीक खिळ्यांनी लावा. पट्टी केसभर रुंदच घ्यायची आणि डिंक वाळल्यावर रंध्याने किंवा ठोकळ्यावर पॉलिश पेपर गुंडाळून सपाट करायची. आधीच नेमक्या मापाची घेतली तर कुठे ना कुठे अर्धा सूत आत राहते आणि रंगानंतर ती पायरी बोटाला लागते. पुढचे कोपरे थोडे गोल करा. धारदार कोपऱ्यावर रंग टिकत नाही, तिथूनच पहिल्यांदा लाकूड दिसायला लागतं.

रंग : अर्धा जोडण्याआधी, अर्धा नंतर

जोडल्यावर आतल्या कोपऱ्यांत ब्रश नीट फिरत नाही. म्हणून घासणं, प्रायमर आणि रंगाचा पहिला हात फळ्या सुट्या असतानाच. फक्त जिथं लाकडाला लाकूड चिकटायचं आहे, म्हणजे फळीची टोकं आणि आधारपट्टीची वरची बाजू, तिथं मास्किंग टेप लावून कोरं ठेवा. रंगावर फेविकॉल धरत नाही.

घासायला आधी १२० नंबर, मग १८०, नेहमी रेषांच्या दिशेने. धूळ आधी कोरड्या ब्रशने, मग किंचित ओल्या फडक्याने काढा. वुड प्रायमर पातळ, पण कडांना दोनदा. रात्रभर वाळू द्या. प्रायमर वाळल्यावर हात फिरवला की कापडावर बारीक लव उभी राहावी तसं खरखरीत लागेल, लाकडाचे रेषे ओल पिऊन वर येतात. हे बिघडलं म्हणून समजू नका, २२० नंबरने हलक्या हाताने फिरवलं की गुळगुळीत होतं.

मग लांबी, म्हणजे लाकडाची भोकं बुजवायचा लगदा. स्क्रूची भोकं, चिरा, लिपिंगचे सांधे. इथं एक सवय मोडायची आहे. घरात भिंतीची पांढऱ्या सिमेंटची पुट्टी उरलेली असते, तीच आपण लाकडाला लावतो. भिंत हलत नाही, लाकूड दर पावसाळ्यात हलतं. एका उन्हाळ्यात ती पुट्टी चकत्या होऊन पडते. लाकडासाठीची लांबी वेगळी मिळते, तीच घ्या, पातळ थरात दोनदा. जाड एक थर दिला तर वाळताना मधोमध खचतो. वर पुन्हा प्रायमरचा एक हात.

रंगात दोन वाटा आहेत. ऑइलपेंट म्हणजे तेलाचं इनॅमल, कठीण आणि झगझगीत, पण वास आठवडाभर आणि पांढरा रंग अंधाऱ्या खोलीत पिवळा पडत जातो. पाण्याचं इनॅमल आता सगळीकडे मिळतं. वास कमी, पिवळेपणा नाही, ब्रश नळाखाली धुता येतो. मुलं त्याच खोलीत अभ्यासाला बसत असतील तर पाण्याचंच घ्या. रंग निवडताना मी मोरपंखी घेतला. आजोळच्या दारांना तोच रंग होता आणि चकचकीत पांढऱ्या कपाटात मला दवाखान्यात आल्यासारखं वाटतं. ज्याची त्याची आवड.

रंगकामाचा हंगाम पाळा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ च्या पुढे गेलेला असताना रंग ब्रशवरच वाळतो आणि ब्रशच्या रेघा जशाच्या तशा राहतात. वारा सुटला की शेतातली धूळ ओल्या रंगावर येऊन बसते, ती वेगळीच. पावसाळ्यात उलट, वाळतच नाही आणि तेलाच्या रंगावर पांढुरकी झाक येते. दिवाळीनंतर ते संक्रांतीपर्यंतचे दिवस उत्तम. मेमध्येच करायचं असेल तर सकाळी नऊच्या आत उरका, खिडक्या लावा आणि फरशीवर पाणी शिंपडा म्हणजे धूळ बसते. पाणी शिंपडल्यावर थोडा वेळ थांबा.

मोठ्या सपाट बाजूंना बारीक फोमचा रोलर, कडांना दीड इंची ब्रश. दोन हातांच्या मध्ये ३२० नंबरने घासणं चुकवू नका, नाहीतर वरचा हात खालच्याला नीट धरत नाही. ब्रश डब्यात अर्धाच बुडवा.

जोडणी

एक बाजू आडवी पाडून तिच्यावर फळ्या उभ्या करण्यापेक्षा, मला दोन्ही बाजू कडेवर उभ्या करून मध्ये फळ्या सरकवणं सोपं जातं. फरशीवर जुनं ब्लँकेट टाका. दुसरा माणूस इथं लागतोच. टोकांना फेविकॉल, फळी आधारपट्टीवर, शिकंजा आवळा. मग खालून आधारपट्टीतून फळीत सव्वा इंची दोन स्क्रू. तळ, माथा आणि मधली एक फळी यांना बाहेरून दोन इंची तीन-तीन स्क्रूही द्या. या तीन फळ्या बाजूंना आत ओढून धरतात. डोकं दोन मिलिमीटर आत जाईल एवढा खळगा करा, वर लांबी भरायची आहे. पायपट्टी पुढून अर्धा इंच आत. मागच्या दोन पट्ट्या पाठीकडच्या कडेला चपट्या उभ्या करून लावा, एक माथ्याखाली आणि दुसरी मधल्या फळीच्या आधारपट्ट्यांखाली, टोकांना बाजूंतून स्क्रू देऊन.

आता पाठ लावण्याआधी कर्ण मोजा. एका कोपऱ्यातून तिरका समोरच्या कोपऱ्यापर्यंत, मग दुसरा. दोन्ही साधारण १९१९ मिमी यायला हवेत. नेमका आकडा फार महत्त्वाचा नाही, दोन्ही सारखे हवेत. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर लांब कर्णाच्या दोन कोपऱ्यांना शिकंजा लावून हळूहळू दाबा. बरोबर झालं की त्याच अवस्थेत पाठ लावा, डिंक आणि दर सहा इंचांना एक छोटा स्क्रू. ६ मिमीची ही पातळ पाठच कपाटाला तिरकं होऊ देत नाही. बाजारातल्या स्वस्त रॅकना पाठ नसते, म्हणून त्या भरल्यावर झोपाळ्यासारख्या हलतात.

फेविकॉल दिवसभर वाळू द्या. मग लांबी, घासणं, आणि रंगाचा शेवटचा हात. तळाची खालची कड, जी कुणाला कधी दिसणार नाही, तिला मात्र तीन हात द्या.

भिंतीला आवळणं

हा भाग लोक सोडून देतात. कपाट जड आहे, कशाला पडतंय, असं म्हणतात. एक फूट खोल आणि सहा फूट उंच वस्तू, वर पोरगं खालच्या फळीवर पाय देऊन वरचं पुस्तक काढतंय, एवढं चित्र डोळ्यांपुढे आणा. आणि आपण राहतो कुठे? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला, त्याचे हादरे या भागातल्या प्रत्येक घराला आठवतात. २०२४ मध्ये हिंगोली भागात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले तेव्हा नांदेड-परभणीपर्यंत लोक घराबाहेर आले होते. किल्लारीत माणसं मुख्यतः दगडमातीच्या जड भिंतींखाली गेली, कपाटांखाली नव्हे, हे खरं. पण झोपायच्या खोलीत दीडशे किलोची वस्तू नुसती टेकवून ठेवायची नाही, एवढं मी माझ्या घरात ठरवलं.

आधी फरशी. कपाट थेट फरशीवर टेकवू नका. रोज पोतेऱ्याचं पाणी खालच्या कडेत मुरतं आणि वाळवीलाही तीच वाट सोयीची. ग्रॅनाइटवाल्याकडे टाकाऊ तुकडे फुकट मिळतात. चार कोपऱ्यांखाली चार तुकडे ठेवा. फरशीच्या उतारामुळे जो कोपरा खाली जातो तिथं पातळ पाचर घालून लेव्हल काढा, आडवी आणि उभी दोन्ही.

भिंतीच्या तळाला टाइल्सची पट्टी असेल तर कपाट वर भिंतीपासून अर्धा इंच सुटं राहतं. दोन उपाय. बाजूंच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात त्या पट्टीच्या मापाची खाच पाडा, किंवा वरच्या आवळायच्या जागी तेवढ्याच जाडीचा लाकडी तुकडा मध्ये घाला. खाच दिसायला चांगली, तुकडा करायला सोपा. भिंत वाकडी असल्याने बाजूला फट दिसत असेल तर एक पातळ पट्टी घ्या, भिंतीला टेकवा, छोटा ठोकळा भिंतीवरून वरून खाली सरकवत त्याला पेन्सिल लावून रेघ ओढा. भिंतीची वाकडी रेषा पट्टीवर उतरते. त्या रेघेवर घासली की पट्टी भिंतीला चिकटून बसते.

मग भोकं. मागच्या दोन्ही आडव्या पट्ट्यांतून, पाठीतून, भिंतीत. प्रत्येक पट्टीला दोन जागा. पट्टी, पाठ आणि भिंतीवरचा प्लास्टर मिळून दीड इंच सहज जातो, आणि प्लास्टर वजन धरत नाही. म्हणून स्क्रू चार इंची घ्या आणि ८ मिमीची गिट्टी (भोकात ठोकायची, स्क्रू धरणारी प्लास्टिकची नळी) प्लास्टर ओलांडून विटेत गेली पाहिजे. भोक गिट्टीपेक्षा थोडं खोल. आतला भुसा पिचकारीने उडवा, तोंडाने फुंकलात तर डोळ्यांत जातो. ड्रिलच्या टोकाला लाल भुसा दिसायला लागला की वीट लागली. नुसताच राखाडी येत राहिला तर काँक्रीट किंवा सिमेंटचा ठोकळा आहे, तोही चालेल. हातात येईल असा मऊ पांढुरका भुसा आला आणि ड्रिल लोण्यात गेल्यासारखं गेलं तर हलका ब्लॉक आहे, त्यासाठीची गिट्टी वेगळी मागून घ्या. काळे जिप्समचे स्क्रू इथं वापरू नका, झटका बसला की त्यांची मान तुटते.

जुन्या वाड्यातल्या पांढऱ्या मातीच्या भिंतीत कोणतीच गिट्टी धरत नाही. तिथं भिंतीचा नाद सोडा आणि माळवदाच्या खांबाला किंवा तुळईला आडवी पट्टी ठोकून कपाट तिला आवळा.

पुस्तकं भरायची घाई

रंग हाताला वाळला म्हणजे आतून वाळला असं नाही. मी तिसऱ्या दिवशी दिवाळी अंक लावले. महिन्याभराने एक काढायला गेलो तर तळकडेचा कागद फळीवरच राहिला, मोरपंखी रंगात उलटी अक्षरं उमटलेली. अंक जुना होता, आता बाजारात मिळणार नाही. तेलाच्या इनॅमलला पूर्ण कठीण व्हायला तीन-चार आठवडे लागतात, पाण्याच्या इनॅमललाही दोन-तीन आठवडे द्यावेत. खात्री करायची असेल तर फळीवर वर्तमानपत्राचा तुकडा ठेवा, वर वीट, आणि रात्रभर राहू द्या. सकाळी कागद ओढताना चट असा आवाज आला तर आणखी आठ दिवस थांबा.

भरताना जड पुस्तकं खाली. मागे भिंतीकडे बोटभर मोकळं सोडा, हवा फिरते. पश्चिमेच्या खिडकीचं ऊन थेट येत असेल तर पुठ्ठ्यांचे रंग दोन उन्हाळ्यांत उडतात, पडदा लावा.

पहिला मोठा पाऊस होऊन आठ दिवस झाले की तळाच्या खणातली पुस्तकं काढा आणि टॉर्चने पाठीचा खालचा भाग, ग्रॅनाइटचे तुकडे आणि भिंतीचा कोपरा बघा. दोऱ्याएवढी मातीची रेघ वर चढलेली दिसली तर ती वाळवी. रेघ पुसून टाकण्याआधी ती कुठून सुरू होते ते शोधा, औषध तिथं घालायचंय.